टू व्हील ड्राइव्ह पिकअपने होडी ओढणं आणि पाण्यात उतरवणं: मुंबईत जमतं का?

पिकअप_ठाणे

नमस्कार मंडळी. १७ फुटी फायबरची उघडी होडी आहे, मागे ४० अश्वशक्तीचं आउटबोर्ड, म्हणजे होडीच्या मागच्या फळीला बाहेरून लावलेलं मशीन. ट्रेलर एका ॲक्सलचा, गॅल्व्हनाइझ केलेला, ब्रेक नसलेला. होडी, मशीन, पेट्रोल, नांगर, दोर आणि ट्रेलर धरून सगळं मिळून ९०० किलोच्या आसपास जातं. गाडी साधी डिझेल पिकअप, ताकद फक्त मागच्या चाकांवर, वजन अंदाजे १७०० किलो. मच्छीमार सोसायटीची परवानगी घेऊन मार्वे-मनोरी बाजूच्या सिमेंटच्या उतारावरून होडी पाण्यात सोडायची आणि त्याच दिवशी परत काढायची, असा बेत आहे.

जो तो सांगतो, फोर बाय फोर (चारही चाकांवर ताकद असलेली गाडी) घेतल्याशिवाय या भानगडीत पडू नका. खरंच गरज आहे का? की नीट पद्धत वापरली तर टू व्हील ड्राइव्हवर भागतं? अनुभवी लोकांनी आकड्यांसकट सांगावं ही विनंती.

रेतीबंदर

भागतं. इंजिनाची ताकद हा प्रश्नच नाही, पहिल्या गिअरमध्ये ही गाडी याच्या दुप्पट वजन ओढेल. मागची चाकं कशावर उभी आहेत, एवढाच प्रश्न आहे.

गिअर_ऑइल

वरच्या प्रतिसादाला आकडे जोडतो.

उतार १:८ धरा, म्हणजे आठ मीटर पुढे गेलं की एक मीटर खाली. गाडी १७०० आणि ट्रेलर ९००, एकूण २६०० किलो. हे सगळं वर चढवायला नुसत्या उतारापोटी साधारण ३२५ किलोचा जोर लागतो. चाकांचं घर्षण, ओलं सिमेंट, खड्डे यांचे आणखी ६०-७० धरा. म्हणजे ३९०.

आता हा जोर मागच्या दोन टायरांना जमिनीवर लावता आला पाहिजे. रिकाम्या पिकअपचं वजन पुढे जास्त असतं. मागच्या ॲक्सलवर ७५० किलो आणि ट्रेलरच्या दांड्याचे ७० मिळून ८२० धरू. सुक्या सिमेंटवर टायर आपल्यावरच्या वजनाच्या ६० ते ७० टक्के पकड देतो, म्हणजे ४९० ते ५७० किलो. गाडी आरामात वर येईल. स्वच्छ पण ओल्या सिमेंटवर ४० ते ५० टक्के, म्हणजे ३३० ते ४१०. इथे नशिबावर सोडावं लागतं. हिरव्या शेवाळावर १५ ते २० टक्के. म्हणजे जेमतेम १२० ते १६०, आणि हवेत ३९०. तिथे तुम्ही कितीही ॲक्सिलरेटर द्या, टायर जागच्या जागी फिरणार आणि गाडी हळूहळू पाण्याकडे सरकणार.

हौद्यात २०० किलो टाकले तर? मागचा भार १०२० झाला, लागणारा जोर वाढून ४२०. ओल्या सिमेंटवर आता ४१० ते ५१० मिळतात, म्हणजे फरक पडला. शेवाळावर मात्र १५० ते २००च. वजन टाकल्याने ओल्यावरचं काम होतं, शेवाळावरचं होत नाही. बरेच लोक नेमकी इथेच गल्लत करतात.

पिकअप_ठाणे

@गिअर_ऑइल, फारच उपयोगी हिशेब. म्हणजे रेतीच्या गोण्या टाकायच्याच? कुठे ठेवायच्या?

गिअर_ऑइल

मागच्या ॲक्सलच्या बरोबर वर, किंवा किंचित पुढे. अगदी मागच्या फळक्याला टेकवून ठेवल्या तर दांड्याच्या वजनात भर पडून पुढची चाकं हलकी होतात आणि स्टिअरिंग नीट ऐकत नाही. ४० किलोच्या पाच गोण्या पुरतात. पट्ट्याने बांधा, ब्रेक मारल्यावर केबिनवर येता कामा नयेत.

खाडीवरची

रेतीपेक्षा २०० लिटरचा प्लॅस्टिकचा ड्रम घ्या आणि गोड्या पाण्याने काठोकाठ भरा. वजन तेवढंच, २०० किलो. होडी वर काढून सपाटीवर आलात की त्याच पाण्याने ट्रेलरची चाकं, हब (चाकाचा मधला, बेअरिंगचा भाग), पाटे, यू-बोल्ट, विंच (होडी ओढून घ्यायची चरखी) आणि पिकअपची खालची बाजू धुऊन टाकायची. खारं पाणी सुकायच्या आत धुतलं तरच उपयोग, घरी पोचल्यावर धुऊन फारसा फायदा नाही. ड्रम अर्धवट भरू नका, वळणावर पाणी हिंदकळून गाडी ओढली जाते. झाकण घट्ट आणि ड्रम दोन पट्ट्यांनी आवळलेला.

बारा व्होल्टचा छोटा पंप आणि दहा मीटर पाइप जवळ ठेवला की काम सोपं.

रेतीबंदर

@खाडीवरची ताई, ड्रमला +१००.

मनोरीकर

गिअर_ऑइल यांचा हिशेब बरोबर, पण मुंबईतला खरा खेळ भरती-ओहोटीचा आहे, त्यावर अजून कोणी बोललं नाही.

आपल्याकडे उधाणाला पाणी साडेचार मीटरच्या वर चढतं आणि ओहोटीला अर्ध्या मीटरवर किंवा त्याच्याही खाली जातं. म्हणजे सहा तासांत चार मीटरची चढउतार. तीही सारख्या वेगाने होत नाही. सहा तासांचे सहा भाग केले तर पहिल्या तासात एकूण फरकाचा बारावा भाग, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात आणि चौथ्यात तीन-तीन, पाचव्यात दोन, सहाव्यात एक. चार मीटर फरक असेल तर मधल्या दोन तासांत दर तासाला एक मीटर. १:८ च्या उतारावर पाण्याची कड तासाला आठ मीटर सरकली. गाडी उभी करून दहा मिनिटं गप्पा मारल्यात तर कड सव्वा मीटर पुढे आलेली असते.

दुसरं म्हणजे, उतार सगळीकडे सारखा नसतो. वरचा भाग फक्त उधाणात भिजतो, बाकी वेळ ऊन खातो, तिथे शेवाळ फार धरत नाही. मधला पट्टा रोज दोनदा भिजतो, तो सगळ्यात निसरडा. खालच्या भागावर कालवं, त्यांच्या कडा टायरची बाजू कापतात. त्याच्याही खाली सिमेंट संपतं आणि गाळ सुरू होतो. ट्रेलरचं चाक त्या कडेवरून खाली उतरलं की ॲक्सल सिमेंटला अडकतो आणि मग पिकअप काय, ट्रॅक्टरलाही सहज निघत नाही. म्हणून पहिलं काम हे: होडी न नेता, पूर्ण ओहोटीला त्या जागी जाऊन उतार कुठे संपतो ते पाहून या आणि पावलांनी मोजून ठेवा.

कोकणकडा

वेळेचा अंदाज तोंडी काढायचा तर जुना हिशेब आहे: तिथीची पाऊणपट. अष्टमीला आठची पाऊणपट सहा, म्हणून सकाळ-संध्याकाळ सहाच्या सुमारास पूर्ण भरती. एकादशीला सव्वाआठ. पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा. शुक्ल-कृष्ण दोन्ही पक्षांना हेच लागू. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, आणि खाडीत आत जाल तसा उशीर वाढतो. भरतीनंतर साधारण सव्वासहा तासांनी ओहोटी.

रेतीबंदर

म्हणजे आता कालनिर्णय गाडीच्या डॅशबोर्डवर लटकवायचं!

कोकणकडा

लटकवाच. पण हा हिशेब बेत ठरवण्यापुरता. प्रत्यक्ष त्या दिवशी भारतीय सर्वेक्षण विभागाच्या तक्त्यातली मुंबईची, म्हणजे अपोलो बंदराची वेळ आणि उंची बघायची. उंची फार महत्त्वाची, कारण दिवसातल्या दोन भरत्या सारख्या नसतात. पावसाळ्यात मोठी भरती दिवसा येते, तर हिवाळ्यात उधाणाची मोठी भरती मध्यरात्रीच्या सुमारास आणि दुपारची तिच्यापेक्षा लहान. होडी बाहेर काढायचा मोसम हिवाळ्याचा, म्हणून दुपारच्या भरतीवर डोळे झाकून विसंबू नका.

गिअर_ऑइल

मनोरीकरांच्या मुद्द्याला धरून एक गोष्ट सांगतो, ती टू व्हील ड्राइव्हवाल्यांनी लक्षात ठेवण्यासारखी आहे.

पाणी चढत असताना कडेच्या वरचं सिमेंट कित्येक तास ऊन खाऊन कोरडं असतं. पाणी उतरत असताना तेच सिमेंट नुकतंच उघडं पडलेलं, ओलं आणि बुळबुळीत. पाण्याची पातळी दोन्ही वेळा सारखीच असली तरी तुमच्या मागच्या टायरांखालची जमीन पूर्ण वेगळी. म्हणून भरलेली होडी वर ओढायचं काम नेहमी चढत्या पाण्यावर, भरती पूर्ण व्हायच्या दोन तास ते अर्धा तास आधी करा. सोडायची वेळ थोडी मागेपुढे झाली तरी चालते, कारण तेव्हा परत फक्त रिकामा ट्रेलर वर न्यायचा असतो.

पिकअप_ठाणे

मग अष्टमी सगळ्यात बरी ना? सकाळी सहाला भरती, सातला सोडायची. संध्याकाळी साडेसहाच्या भरतीआधी चार-पाचला काढायची. दिवसभर पाण्यावर.

मनोरीकर

वेळ जुळते, पाणी जुळत नाही. अष्टमी-नवमीला भांगाची भरती. पाणी वरपर्यंत चढतच नाही, मधल्या शेवाळाच्या पट्ट्यातच घुटमळतं. म्हणजे वेळ सोयीची पण टायर नेमके वाईट जागेवर.

षष्ठी-सप्तमी धरा. षष्ठीला भरती पहाटे साडेचार आणि संध्याकाळी पाचच्या आसपास. पाणी अजून बऱ्यापैकी वर चढतं. उजाडल्यावर सोडा, दुपारी तीन ते साडेचारच्या दरम्यान चढत्या पाण्यावर काढा.

ब्रेकशू

@मनोरीकर, सकाळचं गणित नीट तपासा. उजाडेपर्यंत पाणी दोन तास उतरलेलं. अर्धा-पाऊण मीटर खाली, म्हणजे पाच-सहा मीटरचा ओला पट्टा. ९०० किलोचा ट्रेलर मागे ढकलत हा माणूस त्या पट्ट्यावर उतरणार. वर चढणं तर नंतरची गोष्ट, आधी ती गाडी थांबणार कशी?

हा मुद्दा जिवावरचा आहे, म्हणून सविस्तर लिहितो. हँडब्रेक फक्त मागच्या चाकांना धरतो. मागची चाकं शेवाळावर असतील तर हँडब्रेक पूर्ण ओढलेला असूनही गाडी घसरू शकते, म्हणजे मागची लॉक होऊन आणि पुढची मोकळी फिरत. चालक हँडब्रेक लावून होडी सोडायला खाली उतरतो आणि गाडी त्याच्याशिवाय निघते. बहुतेक अपघात असेच होतात. म्हणून:

उतारावर चालक गाडीतच बसून राहणार. पाय ब्रेकवर, कारण पायाचा ब्रेक पुढच्या चाकांनाही लागतो आणि ती वर, सुक्यावर असतात. गाडी थांबल्याबरोबर दुसऱ्या माणसाने पुढच्या दोन्ही चाकांमागे, पाण्याच्या बाजूने, लाकडी ठोकळे लावायचे. ठोकळ्याला दोरी, म्हणजे निघताना वाकून काढावा लागत नाही. सीटबेल्ट काढलेला, दोन्ही काचा खाली. घसरायला लागलीच तर ब्रेक एकदम दाबून चाकं लॉक करू नका, दाब कमी-जास्त करत पुढच्या चाकांना पकडू द्या.

मनोरीकर

मान्य. सकाळी सरळ गाडी खाली नेऊ नये, गाडी वर ठेवून ट्रेलर दोराने सोडावा. तो भाग लिहायचा राहिला.

पिकअप_ठाणे

दोराने म्हणजे कसं? कोणी पायरी-पायरीने सांगेल का?

शॅकल

सांगतो. टू व्हील ड्राइव्हसाठी याच्याइतकी खात्रीची पद्धत नाही, आणि खर्च फोर बाय फोरच्या तुलनेत काहीच नाही.

आधी कारण. गिअर_ऑइल यांच्या हिशेबात ३९० किलो जोर लागत होता, कारण गाडी स्वतःलाही चढवत होती. गाडी वर सपाटीवर, कोरड्यावर राहिली आणि फक्त ट्रेलर उतारावर असला तर ९०० किलोचे ११२, अधिक घर्षण, म्हणजे १७० ते २०० किलोत काम होतं. आणि कोरड्या सपाटीवर रिकामी पिकअपसुद्धा साडेचारशेच्या वर पकड देते. दुपटीहून जास्त शिल्लक राहते. उतारावर शेवाळ असलं तरी फरक पडत नाही, ट्रेलरची चाकं नुसती फिरणारी आहेत, त्यांना पकड लागतच नाही.

सामान: २ टन क्षमतेचा पॉलिएस्टरचा सपाट पट्टा, १५ मीटर. नायलॉनचा दोर घेऊ नका, तो ताणला जातो आणि तुटला तर माणसाला फोडेल अशा वेगाने परत येतो. १६ मिलिमीटरचे दोन शॅकल (पट्टा अडकवायच्या, पिन असलेल्या लोखंडी कड्या), त्यांच्यावर ३.२५ टन असा छाप असतो. ट्रेलरच्या दांड्याला हवेचं, रुंद जॉकी व्हील, म्हणजे सुटा दांडा ज्यावर टेकतो ते पुढचं चाक. ट्रेलरसोबत मिळणारं घट्ट रबरी बारीक चाक खड्ड्यात रुततं आणि दांडा वाकतो. चार ठोकळे.

सोडताना: वर सपाटीवर ट्रेलर उताराच्या तोंडाशी सरळ लावा, चाकांना ठोकळे. दिव्यांचा प्लग काढा. मागचे पट्टे सोडा, पण नाळेचा (होडीच्या पुढच्या टोकाचा) विंचचा पट्टा आणि साखळी पाण्यात जाईपर्यंत तशीच. बूच लावलेलं आहे का ते हाताने चाचपा. मशीन वर उचलून लॉक. जॉकी व्हील खाली, कप्लर (दांड्याचं टोक, जे गाडीच्या हिचच्या बॉलवर बसतं) बॉलवरून मोकळा, पिकअप पुढे घ्या. पट्टा ट्रेलरच्या चेसिसला, कप्लरच्या दांड्याला नाही, आणि दुसरं टोक पिकअपच्या चेसिसच्या हुकाला. पट्टा ताणून घ्या, मगच ठोकळे काढा. पिकअप रिव्हर्समध्ये, क्लच पूर्ण सोडून, चालण्याच्या वेगाने. दांडा एक माणूस बाजूला उभा राहून वळवतो. ट्रेलरच्या खालच्या बाजूला कोणी नाही, पट्ट्याच्या रेषेत कोणी नाही. पट्ट्याच्या मधोमध एक ओलं गोणपाट टाकून ठेवा, तुटलाच तर त्याची उसळी मरते.

ट्रेलरच्या चाकापाशी अर्धा मीटर पाणी झालं की थांबा. हब पाण्याखाली, मागची फळी तरंगायला लागलेली. नाळेचा पट्टा सोडा, दोरी धरून होडी मागे ढकला.

काढताना हेच उलट, फक्त एक काळजी: झटका देऊ नका. पट्टा ढिला ठेवून गाडी जोरात पुढे घेतली की दोनशे किलोचा जोर क्षणभर हजारावर जातो. आधी ताण, मग क्लच.

खाडीवरची

उत्कृष्ट प्रतिसाद. एक भर. जिथे सपाट जागा लहान आहे आणि १५ मीटर पट्टा मावत नाही, तिथे दांड्याला तीन मीटरचा जोड करून घेता येतो. चौकोनी पाइप, आत सरकणारा, दोन पिनांनी लॉक होणारा. फक्त उतारावर वापरायचा, रस्त्यावर नाही.

उतार जितका मंद तितका सोपा असं वाटतं, पण टायरांच्या जागेच्या बाबतीत ते उलटं आहे. १:८ वर अर्धा मीटर खोली कडेपासून चार मीटरवर मिळते. ट्रेलरच्या चाकापासून पिकअपच्या मागच्या चाकापर्यंत पावणेसहा मीटर धरले तर तुमचे टायर कडेच्या पावणेदोन मीटर वर, कोरडे. १:१२ च्या मंद उतारावर तीच खोली सहा मीटरवर, म्हणजे मागचे टायर पाण्यातच. जोर कमी लागतो हे खरं, पण टायर भिजतात. म्हणून मंद उतारावर पट्टा किंवा जोड हवाच.

घाईगर्दी

शेवाळावर ब्लीचिंग पावडर मारून झाडलं तर?

मनोरीकर

नका मारू. ते सगळं भरतीबरोबर खाडीत जातं, आणि तिथे लोक कालवं, खेकडे, बोय धरून पोट भरतात. लोखंडी खोऱ्याने खरवडा, तारेच्या ब्रशने घासा, दोन टायरांच्या पट्ट्यांपुरतं साफ केलं तरी पुरतं. घाईची वेळ असेल तर जाड वाळू पसरा. गोणपाट टायरखाली घालणार असाल तर मागे कोणी उभं राहू नका, टायर ते गोळीसारखं फेकतो.

ब्रेकशू

एक चाक फिरतंय आणि दुसरं उभं आहे, असं झालं तर हँडब्रेक दोन-तीन खटके ओढून हळू क्लच सोडा. साधं डिफरन्शियल (मागच्या दोन चाकांत जोर वाटणारा गिअर) दोन्ही चाकांना सारखाच जोर देतं, म्हणून मोकळं फिरणारं चाक जेवढा थोडा जोर घेतं तेवढाच दुसऱ्यालाही मिळतो. हँडब्रेकने दोन्ही चाकं थोडी धरली की पकड असलेल्या चाकालाही जोर मिळतो. एकदा-दोनदा करून नाही निघाली तर थांबा. क्लच प्लेटचा वास आला म्हणजे उशीर झाला. पट्टा लावा.

मागच्या टायरांची हवा २५ पीएसआयपर्यंत उतरवली तर खडबडीत सिमेंटवर थोडा फायदा होतो, पण हायवेला लागायच्या आधी परत भरायचीच. भरलेल्या ट्रेलरसह कमी हवेवर चालवलं तर टायर तापून फुटतो.

चौपाटी_७

सिमेंटचा उतार सोडून सरळ वाळूवरून नेली तर? किनारा मोकळा असतो.

रेतीबंदर

अजिबात नको. किनाऱ्यावर गाडी नेण्याला बंदी आहे आणि पोलीस गुन्हा नोंदवतात. वसई-अलिबाग पट्ट्यात भरतीत अडकलेल्या गाड्यांच्या बातम्या दर वर्षी येतात. ओल्या वाळूत लाट टायरखालची वाळू काढून नेते, गाडी दर लाटेला खाली बसते. टू व्हील ड्राइव्ह तिथे निघत नाही आणि फोर बाय फोरही बऱ्याचदा नाही.

आरटीओ_रांग

रस्त्याचं थोडं. मोटार वाहन कायदा १९८८ नुसार ट्रेलर हेही मोटार वाहनच. म्हणजे त्याची स्वतंत्र नोंदणी, नंबर, मागे लाल दिवे, इंडिकेटर, रिफ्लेक्टर. रुंदी २.६ मीटरच्या आत. मशीनचा पंखा मागे बाहेर येतो, त्यावर कापड आणि लाल झेंडा. विमा कंपनीला ट्रेलर ओढण्याबद्दल लेखी कळवा. होडीची नोंदणी वेगळी, त्यासाठी महाराष्ट्र मेरीटाइम बोर्ड.

पिकअप_ठाणे

धन्यवाद. ठाण्याहून घोडबंदर रोडने जाणार. गायमुखच्या चढाला ब्रेक नसलेल्या ट्रेलरची भीती वाटते.

ब्रेकशू

चढापेक्षा उताराची धरा. युरोपात ७५० किलोच्या वरच्या ट्रेलरला स्वतःचे ब्रेक सक्तीचे आहेत, तुमचा ९००चा आहे. ट्रेलर धक्का देतो तेव्हा आपोआप लागणारे ब्रेक बसवून घ्या, खर्च वाचवायची ही जागा नाही. ते बसेपर्यंत उतारावर दुसरा गिअर, ५० च्या आत, पुढच्या गाडीपासून दुप्पट अंतर. पहाटे साडेचारला निघा म्हणजे मालाडच्या मार्वे रोडवर अरुंद जागी कोंडी लागत नाही.

बॉल ५० मिलिमीटर, हिच चेसिसला बोल्ट केलेली, नुसत्या बंपरला नाही. दांड्याचं वजन एकूण वजनाच्या ७ ते १० टक्के, म्हणजे ६५ ते ९० किलो. बाथरूमच्या वजनकाट्यावर ठोकळा ठेवून त्यावर दांडा टेकवला की कळतं. कमी असेल तर ट्रेलर डावी-उजवी डुलायला लागतो. पेट्रोलची टाकी आणि नांगर पुढे सरकवून जुळवा. डुलायला लागलाच तर ब्रेक मारू नका, ॲक्सिलरेटर सोडा आणि स्टिअरिंग सरळ धरा. साखळ्या कप्लरखाली फुली मारून.

खाडीवरची

बेअरिंगबद्दल कोणी लिहिलं नाही! ठाण्याहून मार्व्याला पोचेपर्यंत हब तापलेले असतात. तसेच थंड पाण्यात घातले की आतली हवा आकसते आणि सीलमधून खारं पाणी आत ओढलं जातं. ग्रीस दुधाळ होतं, मग बेअरिंगला गंज, मग कधीतरी हायवेवर चाक निखळतं. उताराजवळ पोचल्यावर वीस मिनिटं थांबा. बाकीची तयारी तोवर करा, वेळ वाया जात नाही. हबला हात लावून कोमट आहे की चटका बसतो ते पाहा. चटका बसत असेल तर बेअरिंग आवळलेलं आहे किंवा गेलेलं आहे.

मरीन ग्रीसच वापरा, स्प्रिंगचं झाकण बसवा म्हणजे आत दाब राहतो. एक तयार हब, बेअरिंगसकट, गाडीत ठेवा.

शॅकल

वर काढल्यावर लगेच पळू नका. होडीत पाणी शिरलं असेल तर मागची फळी पाण्याबाहेर येताच थांबून बूच काढा. शंभर लिटर पाणी म्हणजे शंभर किलो, तेही मागच्या टोकाला. ते निघून गेल्यावरच पुढे ओढा. आणि मशीनच्या जोरावर होडी ट्रेलरवर चढवू नका, पंख्याच्या झोताने उताराच्या पायथ्याची वाळू निघून खड्डा पडतो. पुढच्या माणसाचं चाक त्यात जातं.

कोकणकडा

हिवाळ्यात सकाळी मतलई (जमिनीकडून समुद्राकडे वाहणारा) वारा, पाणी शांत. दुपारनंतर वायव्येचा वारा भरतो आणि होडी ट्रेलरवर आडवी जायला बघते. काढताना वाऱ्याच्या बाजूला एक जास्तीचा माणूस आणि मागच्या फळीला दोरी हवी. फेरीबोटींची येजा चालू असेल तर त्यांच्या दोन फेऱ्यांच्या मध्ये उरका, धक्का त्यांचा आहे. पाण्यावर काही झालं तर तटरक्षक दलाचा १५५४ नंबर सगळ्यांच्या फोनमध्ये असू दे.

पिकअप_ठाणे

सगळ्यांचे मनापासून आभार. बेत असा ठरवतोय: फोर बाय फोर नाही. ट्रेलरला ब्रेक, १५ मीटर पट्टा, दोन शॅकल, २०० लिटरचा ड्रम, चार ठोकळे. आधी पूर्ण ओहोटीला जाऊन उतार पाहणार. षष्ठीला उजाडल्यावर पट्ट्याने सोडणार, दुपारी तीननंतर चढत्या पाण्यावर सरळ पिकअप लावून काढणार. काही चुकतंय का?

शॅकल

दुपारीही पट्टा बाहेर काढून तयार ठेवा. सरळ लावून पाहा, टायर एकदा जरी फिरला तरी दुसऱ्यांदा प्रयत्न न करता पट्ट्यावर या. पाणी चढत असतं, वेळ तुमच्याकडे सगळा मिळून दीड तासच असतो.

गिअर_ऑइल

आणि ड्रम दुपारपर्यंत भरलेलाच राहू द्या. सकाळी रिकामा ट्रेलर वर आल्यावर धुवायचा मोह होईल, तेव्हा सोसायटीच्या नळाचं पाणी वापरा, नाहीतर वीस लिटरचे दोन कॅन वेगळे न्या. ड्रममधल्या वजनाची खरी गरज दुपारी आहे.

मनोरीकर

निघायच्या आदल्या दिवशी सोसायटीत फोन करून विचारा. जाळी सुकत घातलेली असली किंवा होड्या दुरुस्तीला वर ओढलेल्या असल्या तर उतार अर्धा अडलेला असतो, आणि मग तुम्हाला जी बाजू मिळेल ती शेवाळाचीच असेल.